बबन, हाक राहिली

बबन, आज नववीला हृदय शिकवायचं होतं. फळ्यावर चार कप्पे काढले, लाल आणि निळ्या खडूनं बाण दाखवले, आणि झडपांपाशी आल्यावर पुढचं वाक्यच येईना. बावीस वर्षं हा धडा शिकवतोय, झोपेतून उठवलं तरी सांगेन. शेवटी मुलांना म्हटलं, आकृती वहीत उतरवून घ्या, आणि तास संपेपर्यंत खिडकीशी उभा राहिलो. मुलं शहाणी आहेत. कुणी काही विचारलं नाही.

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. सकाळी दुकान उघडलंस, मोटारीचं वाइंडिंग करायला बसलास आणि बसल्या जागी कलंडलास. शेजारच्या रसवंतीवाल्यानं टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं, पण डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. का गेलास ते मला ठाऊक आहे. रक्तवाहिनी तुंबली. त्याची आकृतीही मी काढून दाखवेन. विज्ञानाच्या मास्तरला यापलीकडे काही सुचायला नको. तरी उठता-बसता डोक्यात एकच घोळतंय, की तळेघरच्या नाटकाला मी तुला हाक मारली नाही.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल. मीही हसलो होतो. आपल्या नाटक मंडळाची ही रीत तुझ्या वडिलांच्या वेळची. नाटकात जो मरतो, त्यानं पडदा पडल्यावर तसंच डोळे मिटून पडून राहायचं. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, उठायला हात द्यायचा नाही. मग मंडळातल्या एकानं त्याला हाक मारायची, भूमिकेच्या नव्हे, त्याच्या खऱ्या नावानं. त्यानं 'ओ' द्यायची, तोंडात गुळाचा खडा टाकायचा आणि उठायचं. म्हणजे खरोखरच कुणी न्यायला आलेलं असेल तर त्याला कळावं, की मेला तो नाटकातला, हा आपला अजून इथलाच आहे. मी पहिल्यांदा हे बघून पोट धरून हसलो तेव्हा तू म्हणालास, "हस, मास्तर. पण हाक मार. हसत मारलीस तरी चालती."

तेव्हापासून हाक मारायचं काम माझ्याकडे आलं. मरायचं काम कायम तुझ्याकडेच होतं, कारण मरणाऱ्याला पद असायचं आणि गळा मंडळात तुझ्या एकट्याला. कितीदा मेलास आणि कितीदा 'बबन' म्हटल्यावर एक डोळा उघडून 'ओ' म्हणालास, ते काही मी मोजलेलं नाही. मोजायची गरज पडेल असं वाटलंच नव्हतं.

वारूळवाडीला मी बदली होऊन आलो तेव्हा दोन वर्षं गाव मला 'पावणं' म्हणायचं. बसायला खुर्ची द्यायचे, चहा पाजायचे, पण पावणं ते पावणं. मग शाळेचा पंप जळाला आणि तू दुरुस्तीला आलास. मी कुणालातरी वर्गात झापत होतो. तू हातात पाना घेऊन दारात उभा राहिलास आणि म्हणालास, "सर, आवाज पार मागच्या रांगंपोतूर जातोय. नाटकात काम करता का?" काम मला कधी जमलं नाही, चार वाक्यं पाठ होत नाहीत. पण मी लिहायला लागलो. त्या वर्षीच्या जत्रेनंतर मी गावाचा मास्तर झालो. या गावात मला जी माणसं मिळाली त्यांच्या ओळखीचं मूळ शोधत गेलं, तर ते तुझ्या दुकानातल्या बाकड्यापाशीच येतं. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आधी माझी टिंगलच केली असतीस.

चाली तू दुकानात लावायचास. दुरुस्त झालेली मोटार टेबलावर चालू ठेवायची, तिच्या घुमण्यात सूर धरायचा आणि माझं पद घेऊन बसायचं. गिऱ्हाईक दारात ताटकळलेलं.

"बबनभाऊ, झाली का मोटार? पाणी द्यायचंय राव."

"मोटार झाली. अंतरा राह्यलाय. बसा जरा."

आणि लोक बसायचे. एकदा एका कांदेवाल्यानंच तुला मुखड्यात एक जागा सुचवली आणि तू ती ठेवलीस. माझ्या शब्दांना मात्र इतक्या वर्षांत एकदाही 'छान' म्हणाला नाहीस. "जड हाये मास्तर," म्हणायचास, "गळ्यातनं उतरत न्हाई. हलकं कर." मी चिडून घरी जायचो आणि हलकं करून आणायचो. दुसऱ्या दिवशी तू ते गाऊन दाखवायचास आणि माझेच शब्द मला पहिल्यांदा कळायचे.

'पाणी उंबऱ्याशी' हे आपलं शेवटचं संगीत नाटक. धरणाचं पाणी चढत येतंय, सगळं गाव उठून गेलंय, आणि म्हातारा तुकानाना एकटाच घर धरून बसलाय. पाणी उंबऱ्याला लागतं तेव्हा तो मरतो. धरणात गावं गेलेल्या आंबेगावाकडच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तुकानानाला मरताना मी दोन ओळी दिल्या होत्या.

उंबऱ्याशी आलं पाणी, पुसतं आत येऊ का
दिवा मालवून घेतो, तेवढं थांबशील का

दोनच ओळी. त्या म्हणायच्या आणि मान टाकायची. मग त्याची मुलगी येते, दिवा उचलते आणि एक शब्द न बोलता निघून जाते. तिचं ते गप्प राहणं, तेवढ्यासाठी मी नाटक लिहिलं होतं. तू माझ्या दोन ओळींचं पाव तासाचं पद करून ठेवलंस.

त्यावरून आपण वर्षभर भांडलो. मी म्हणायचो, मरणारा माणूस ताना घेत नाही. तू म्हणायचास, "मरणारा भाषण तरी कुटं करतो? बोल्लेलं चालतंय, मग गायलेलं का न्हाई चालत?" मी म्हणायचो, त्याला धाप लागलेली असते. तू म्हणायचास, "तू कितींदा मेलायस रे? आमी दरसाल मरतोय." सगळे हसायचे आणि तालीम पुढे सरकायची. पण एकदा दुकानात आपण दोघंच असताना तू हातातलं काम थांबवलंस.

"मी आमच्या वडलांना जाताना बघितलंय, मास्तर. त्यांचं बोलणं बंद झालं व्हतं, पण व्हट हालत व्हते. काय म्हणत व्हते ते शेवटपोतूर कळलं न्हाई मला. त्ये मला मोठ्यानं म्हणायचंय."

उत्तर नसलं की मास्तर लोक अट घालतात. मी म्हणालो, ठीक आहे, पाव तास घे, पण वन्स मोअर घ्यायचा नाही. मेलेला माणूस उठून पुन्हा गायला बसला की नाटकाचं हसं होतं. तू म्हणालास, "बघू." इतक्या वर्षांच्या संगतीत तुझ्या 'बघू'चा अर्थ मला कळायला हवा होता.

तळेघर म्हणजे हौसावहिनींचं माहेर, तुझी सासुरवाडी. प्रयोग वहिनींनीच ठरवला. आपला नवरा गातो हे त्यांच्या माहेरच्यांनी नुसतं ऐकलेलं होतं. तिकडं संध्याकाळनंतर एसटी नाही, लोक डोंगरातून चालत येणार आणि उजेडात परतणार, म्हणून प्रयोग दुपारी दोनला, शाळेच्या ओट्यावर, लख्ख उन्हात. निळे दिवे टेम्पोतून उतरवलेसुद्धा नाहीत. पाणी म्हणून दोघांनी निळं लुगडं हलवलं आणि हलवणाऱ्यांचे हात कोपरापर्यंत दिसत होते. मी वर्गाच्या दारात उभा राहून कपाळाला हात लावला होता. आज काही खरं नाही, असं वाटत होतं.

पण तू गायलास. भातकापणी उरकून आलेली ती माणसं मांडीवर हात ठेवून नुसती ऐकत होती. लुगडं उंबऱ्यापर्यंत आलं, हात दिसत होते तरी ते पाणीच झालं होतं. 'तेवढं थांबशील का' ही ओळ तू किती प्रकारांनी विचारलीस, बबन. एकदा विनवून, एकदा दटावून, एकदा तर पाहुण्याला 'जरा बसा, आलोच' म्हणावं तितक्या सहज. त्या दुपारी मला पटलं की पाव तास लांब नव्हता. तू मान टाकलीस तेव्हा ओट्यासमोर कुणी खोकलंसुद्धा नाही. आता मुलगी येईल, दिवा उचलेल, एवढंच माझ्या मनात होतं.

तेवढ्यात तुझा थोरला मेव्हणा उभा राहिला. "दाजी, वन्स मोअर." मागोमाग सगळी सासुरवाडी. "दाजी, व्हऊन जाऊ द्या पुन्यांदा." तू एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलंस. मी मान हलवली, नाही म्हणून. तू उठून बसलास.

दुसऱ्यांदा तू पहिल्यापेक्षाही चांगलं गायलास. हे मी आज लिहितोय. त्या वेळी मला गाणं ऐकू आलंच नाही. तू उठलास तेव्हा केवढा हशा झाला. पुन्हा मान टाकलीस तेव्हा टाळ्या आणि शिट्ट्या, आणि मुलगी दिवा उचलायला आली ती त्या शिट्ट्यांतच आली आणि गेली. तिचं गप्प राहणं कुणाला दिसलंही नाही. एवढ्यासाठी वर्ष घालवलं होतं, आणि ते एका 'दाजी'वर वाहून गेलं.

पडदा ओढला. बाकीचे रंग पुसायला वर्गात गेले. तू रीतीप्रमाणे डोळे मिटून पडलेला होतास आणि मी निळ्या लुगड्याची घडी घालत होतो. घडी काही केल्या जमत नव्हती. शेवटी रीत मोडून तूच बोललास.

"मास्तर, हाक मार की."

मी म्हणालो, "ज्यांनी उठवलं त्यांनाच सांग हाक मारायला."

आणि पेटी उचलून टेम्पोकडे निघून गेलो. तू किती वेळ पडून राहिलास, कसा उठलास, मला माहीत नाही. ओट्यावर आपण दोघंच होतो, एवढं मात्र मला पक्कं वाटत होतं. परतताना तू पुढे ड्रायव्हरशेजारी बसलास, मी मागे सामानात. वारूळवाडी येईपर्यंत आपण बोललो नाही. उतरताना तू 'येतो' म्हणालास. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

पुढे तीन आठवडे अबोला. त्यात एकदा शाळेचा पंप पुन्हा जळाला आणि तू आलास. शिपाई सांगत आला, "सर, बबनभाऊ आल्यात. तुमाला इचारत्यात." मी म्हणालो, तास चालू आहे म्हणून सांग. तास नव्हता. मी स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका समोर घेऊन बसलो होतो आणि एकही तपासत नव्हतो. बाहेर पंप सुरू झाल्याचं ऐकू आलं. मग तो बराच वेळ नुसताच चालू राहिला. टाकी भरून पाणी भिंतीवरून ओघळायला लागलं तरी तू बटण बंद केलं नाहीस. तू तिथे उभा राहून सूर धरतोयस हे मला कळत होतं. मी येईन म्हणून थांबलायस हेही कळत होतं. मी खुर्चीतून उठलो नाही. थोड्या वेळानं पंप बंद झाला.

आठ दिवसांनी तू गेलास.

स्मशानातून परतताना मंडळातला एक जण जवळ आला, तळेघरला न आलेला. हळूच म्हणाला, "सर, परवाच्या प्रयोगाला हाक मारली व्हती ना वो?" मी 'हो' म्हणालो. विचार करायच्या आतच तोंडातून निघालं. तो म्हणाला, "मग ठीक हाये," आणि चालू लागला. गुळाच्या खड्यानं रक्तवाहिनी मोकळी होत नाही, बबन. हे मी गावातल्या कुणालाही पटवून देईन, मला सोडून.

मंडळात आता विचारतायत, नाटकाचं काय करायचं. घरी नाटकाची वही काढली आणि तुझ्या पदापाशी, जिथे मी 'दोन ओळी म्हणून मान टाकतो' असं लिहिलं होतं, ते खोडून 'पाव तास' असं लिहिलं. लिहून झाल्यावर लक्षात आलं की आता ते गाणार कोण. चाल कागदावर नाही. तुझ्या गळ्यात होती आणि मोटारीच्या घुमण्यात होती. हे नाटक आता कुणाच्यानं उभं राहणार नाही, आणि दुसरं लिहायचं तर 'जड हाये' कोण म्हणणार?

काल हौसावहिनींकडे गेलो. खरं सांगून टाकायचं ठरवूनच गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो, परीक्षेला निघालेल्या मुलासारखा. 'वहिनी, माझ्याकडून एक चूक झाली' इथून सुरुवात करायची, एवढं नक्की केलं होतं. त्या पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, चहा टाकला, कप हातात दिला आणि समोर बसल्या. मी कप खाली ठेवून तोंड उघडणार, तोवर त्याच बोलल्या.

"भाऊजी, तुमाला येक सांगायचंय. कुणाला बोल्ले न्हाई मी."

मी थांबलो.

"तळेघरला त्या दिशी मी वर्गाच्या दाराआड व्हते. सगळ्यांच्या भाकरी बांधत व्हते. तुमी रागवून गेलाव ते बघितलं मी. ह्ये तसंच पडून राह्यलं. मी पुढं झाले, म्हणलं, अवं, उठा की. तर डोळं मिटूनच म्हणले, हौसे, मास्तर रुसलाय. तू घे माझं नाव. कोण न्हाई बघत."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

"आन् मला हसाया आलं, भाऊजी. पदर तोंडात धरून हसत राह्यले. लग्नात उखाण्यात घेतलं व्हतं, तेवढंच. त्यावर कधी घेतलं न्हाई. जीभच वळंना. म्हणलं, उठा आता, लोकं काय म्हणतील. मग उठलं बिचारं."

मी चहाचा कप बाजूला सरकवला.

"तुमी रागानं घेतलं न्हाई," त्या म्हणाल्या, "मी लाजून घेतलं न्हाई."

त्या वेळी मला एकच म्हणायचं होतं. वहिनी, असं काही नसतं, हृदयाचं दुखणं आत कधीपासून वाढत असतं, नाव घेतल्या न घेतल्यानं त्याला काही फरक पडत नाही. हे सगळं खरं आहे. शब्द ओठापर्यंत आले होते. पण जे मला स्वतःला इतक्या दिवसांत पटलं नाही ते त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? मी त्यांच्यासाठी आलो नव्हतो, माझं ओझं उतरवायला आलो होतो, आणि इथे तेच ओझं घेऊन त्या माझ्या आधी बसल्या होत्या. तेव्हा तू असतास तर काहीतरी टिंगल करून दोघांनाही सोडवलं असतंस. मला तेवढीही अक्कल नाही. मी गार झालेला चहा पिऊन टाकला.

मग त्यांनी विचारलं, "आता घेतलं तर पोचंल का वो?"

मंडळाच्या रीतीत यावर काही नाही. असेल तर ते तुलाच ठाऊक असणार. मी म्हणालो, "पोचेल." हे खोटं होतं की खरं, मला अजून ठरवता येत नाही.

त्यांनी हातातल्या शेंगा सुपात टाकल्या, लुगड्याला हात पुसले, डोक्यावरचा पदर नीट केला. अंगणाकडे तोंड केलं. 'ब' म्हणायला ओठ मिटावे लागतात. तसे ते मिटलेले मी पाहिले. मिटले आणि किती तरी वेळ तसेच राहिले. मग ओठ उघडले तेव्हा त्यांतून निघालं ते 'अवं'.

पुन्हा म्हणा, असं मला म्हणवलं नाही.